क्लोजर नाव बघून निवडायचा की वापर बघून?

एडिसनकर (धागाकर्ता)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे खोडून काढणाऱ्यांना सोपं जाईल. फँटसी बेसबॉलमध्ये क्लोजरकडून, म्हणजे नववी, शेवटची इनिंग टाकून सामना संपवणाऱ्या पिचरकडून (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा), सेव्ह हव्या असतील तर सेव्हचा रकाना बघत बसू नका. रिलीव्हरला (सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्याला) कुठल्या इनिंगमध्ये आणलं, समोर कोणते फलंदाज होते, किती चेंडू टाकायला लागले आणि त्याआधी किती दिवस विश्रांती मिळाली होती, हे रोज लिहून ठेवा. सेव्ह आकड्यांत दिसायला लागते तोवर तो पिचर दुसऱ्या कुणीतरी उचललेला असतो.

नव्यांसाठी थोडक्यात. खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधायचा आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे, हा खेळ. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये रोटिसरी पद्धत सुरू केली, तेव्हापासून सेव्ह हा गुणांचा एक प्रकार आहे. सेव्ह कुणाला? जिंकणाऱ्या संघाकडून सामना संपवणाऱ्या पिचरला, तो स्वतः विजयी पिचर नसेल तर. बहुतेक वेळा तो आला तेव्हा आघाडी जास्तीत जास्त तीन धावांची असावी आणि त्याने किमान एक इनिंग टाकावी. म्हणजे संघात उत्तम रिलीव्हर तीन असले तरी त्या रात्रीची सेव्ह एकालाच. ती कुणाला द्यायची हे मॅनेजर ठरवतो, म्हणून मॅनेजरच्या सवयी वाचायच्या.

उदाहरण घ्या. समजा क्लोजरने मंगळवारी २७ चेंडू टाकले, बुधवारी १४. गुरुवारी संघ नवव्या इनिंगमध्ये दोन धावांनी पुढे. सलग तिसऱ्या दिवशी त्याला आणणारे मॅनेजर आता फार थोडे. मग सेव्ह कुणाची? बहुतेक जण म्हणतील, आठवी इनिंग टाकणाऱ्याची. मी आधी बघतो की आठवड्याभरात समोरच्या संघांचे दोन-तीन-चार नंबरचे, म्हणजे सगळ्यात चांगले, फलंदाज कुणाच्या वाट्याला दिले. मॅनेजरचा विश्वास तिथे दिसतो. मग बघतो तो माणूस बुधवारी टाकून दमलाय का. दमला असेल तर तिसरा. गुरुवारी सकाळी तो तिसरा वेव्हरवर (कुणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीत) फुकट पडलेला असतो.

अजून एक बारकावा. घरच्या मैदानावर नवव्या इनिंगला बरोबरी असेल तर क्लोजर वरच्या अर्ध्यात (पाहुणे फलंदाजी करतात तेव्हा) बिनधास्त येतो, कारण घरच्या संघाला त्यापुढे सेव्हची संधीच येत नाही. ते १८-२० चेंडू सेव्हच्या रकान्यात कुठेच दिसत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्याला बसवतात.

आणि नावाचं म्हणाल तर २०२५ चे न्यूयॉर्क यांकीज बघा. डेव्हिन विल्यम्स मिलवॉकीहून आला, फँटसी ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडताना) मोठ्या किमतीला गेला. एप्रिलअखेर त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा) ११.२५ झाला आणि नववी इनिंग ल्यूक वीव्हरकडे गेली. हाच वीव्हर २०२४ च्या सप्टेंबरपासून, क्ले होम्सची जागा गेल्यावर, अवघड इनिंग टाकत होता आणि पोस्टसीझनमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) सामने संपवत होता. वापर बघणाऱ्याला ते नाव आधीच माहीत होतं.

आकडेमोड

असहमत, आणि तुमच्याच उदाहरणावरून.

वीव्हरचं तुम्ही मेपर्यंत सांगितलंत. पुढे काय झालं? जूनच्या सुरुवातीला वीव्हरचा हॅमस्ट्रिंग दुखावला आणि नववी इनिंग परत विल्यम्सकडे. ३१ जुलैला पिट्सबर्गहून डेव्हिड बेडनार आला आणि क्लोजर झाला. एकाच हंगामात एकच जागा तीनदा हलली. त्यातली पहिली हालचाल तुमच्या तक्त्याने ओळखली असेल, मान्य. बाकीच्या दोन दुखापतीमुळे आणि ट्रेडमुळे झाल्या. त्या कुठल्या रकान्यात दिसल्या असत्या?

रिलीव्हर अख्ख्या हंगामात ६०-७० इनिंग टाकतो. आठवड्याला दोन-तीन वेळा येतो. एवढ्या तुटपुंज्या माहितीतून मॅनेजरचा कल शोधायला गेलं की नसलेली रचना दिसायला लागते. एखाद्या दिवशी आठव्या क्रमांकाच्या फलंदाजासमोर नंबर एकचा रिलीव्हर आला, कारण दुसऱ्याचा खांदा जड होता. ते आपल्याला कुणी सांगत नाही.

त्यापेक्षा पिचर बघा. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले) किती, वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट दिलेला बेस) किती, दोन्हींतलं अंतर किती. चांगला पिचर आज ना उद्या महत्त्वाच्या इनिंगमध्ये पोचतोच, आणि नाही पोचला तरी तुमचा ईआरए आणि व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक) सांभाळतो. वापरावरून उचललेला कच्चा पिचर एक सेव्ह देतो आणि दुसऱ्या दिवशी चार धावा देऊन महिन्याचा ईआरए बिघडवतो.

शिवाय टँपा बेचं काय करणार? २०२१ मध्ये त्यांनी १०० सामने जिंकले आणि त्यांच्या १४ वेगवेगळ्या पिचरांच्या नावावर सेव्ह लागली. हा मोठ्या लीगमधला विक्रम आहे. तिथे तुमची सवय कसली वाचणार?

पहाटपाळी_पुणे

मी धागाकर्त्यांच्या बाजूने, पण एक भर घालून.

पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ ला सुरू होतो. ऑफिसला निघेपर्यंत बहुतेक बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचे तक्ते) आलेले असतात आणि पुढचे सामने सुरू व्हायला अख्खा दिवस हातात असतो. अमेरिकेतली मंडळी झोपेत असताना आम्ही कोण किती चेंडू टाकून थकलाय हे बघून संघ लावू शकतो. भारतातून खेळणाऱ्यांनी हा फायदा सोडू नये.

पण बॉक्स स्कोअरवर सगळं सोडलं तर फसाल. बुलपेनमध्ये (रिलीव्हर थांबतात आणि सराव करतात ती जागा) उठून गरम होणं त्यात येत नाही. पिचर दोनदा उठला, पंचवीस-तीस चेंडू बुलपेनमध्येच टाकले, आणि सामन्यात आलाच नाही, तर तक्त्यात त्या दिवशी 'विश्रांती' लिहिली जाते. हात मात्र थकलेला असतो. म्हणून मी शेवटच्या तीन इनिंगचं चित्रण पळवत का होईना बघतो आणि कोण उठला याचा वेगळा रकाना ठेवतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण ४ ऑक्टोबर २०१६, टोरंटो, वाइल्ड कार्ड सामना (हरणारा थेट बाहेर). बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने त्या हंगामात ४७ पैकी ४७ सेव्ह केल्या होत्या, ईआरए ०.५४. सामना २-२ असा अकराव्या इनिंगमध्ये गेला. ब्रिटन बुलपेनमध्ये गरम होऊन बसून राहिला. मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी उबाल्डो हिमेनेझला ठेवलं, एडविन एन्कार्नासिऑनने तीन धावांचा होमरन मारला, हंगाम खलास. पाहुण्या संघाने क्लोजर आघाडीसाठी राखून ठेवायचा ही जुनी सवय आहे. चूक की बरोबर हा वेगळा वाद, पण ही सवय माहीत असली की परगावच्या बरोबरीच्या सामन्यात तुमचा क्लोजर ताजा राहणार हे आधीच कळतं.

सिअ‍ॅटलचा_पाऊस

तुम्ही तिघेही चुकीच्या गोष्टीवर जीव ओतताय. मूळ दोष सेव्हमध्येच आहे. १९६९ पासूनची ही अधिकृत नोंद आहे, आणि ब्रिटन त्या रात्री बसून राहिला तो तिच्यामुळेच.

त्याच महिन्यात क्लीव्हलंडने काय केलं बघा. टेरी फ्रँकोना यांनी अँड्र्यू मिलरला गरज पडेल तेव्हा आणलं, बॉस्टनविरुद्ध पाचव्या इनिंगमध्येसुद्धा. पुढच्या मालिकेत मिलरने ७.२ (म्हणजे सात आणि दोन तृतीयांश) इनिंगमध्ये १४ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि तोच मालिकेचा मानकरी ठरला. संघासाठी सगळ्यात मोलाचा रिलीव्हर तो, आणि आपल्या पाच-पाच प्रकारांत (फलंदाजीचे पाच, पिचिंगचे पाच) त्याची किंमत कोडी ॲलनपेक्षा कमी, कारण नववी इनिंग ॲलन टाकायचा. ज्या पद्धतीत असं होतं ती पद्धत बदलावी. सेव्ह आणि होल्ड (आघाडी टिकवून पुढच्या पिचरकडे सोपवणं) एकत्र मोजा. मग रायन हेल्सली सेंट लुईसहून मेट्सकडे गेला आणि एडविन डियाझमुळे आठवीत ढकलला गेला, तरी तुमचा रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) कोसळत नाही.

डियाझवरून सांगतो, आमचाच, सिअ‍ॅटलचा, होता तो. २०१८ मध्ये ५७ सेव्ह. मेट्सकडे गेल्यावर २०१९ मध्ये ईआरए ५.५९. २०२३ च्या मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये विजयाचा जल्लोष करताना गुडघ्याचा स्नायूबंध फाटला आणि अख्खा हंगाम गेला. असल्या अस्थिर जागेवर लीगचा निकाल का ठरावा?

एडिसनकर (धागाकर्ता)

@आकडेमोड, दुखापत आणि ट्रेड कुठल्याच पद्धतीत आधी दिसत नाहीत, स्ट्राइकआउट-वॉकमध्येही नाहीत. प्रश्न त्यानंतरच्या बारा तासांचा आहे. हेल्सली गेल्यावर सेंट लुईसमध्ये सेव्ह दोघांत वाटल्या गेल्या: डावखुरा जोजो रोमेरो आणि उजव्या हाताचा रायली ओब्रायन. २०२० पासून पिचरला किमान तीन फलंदाजांना किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावं लागतं. त्यामुळे नवव्या इनिंगला कुठले तीन फलंदाज येणार आहेत, डावरे की उजवे, यावरून अंदाज बांधता येतो. 'क्लोजर कोण' विचारणाऱ्याला तिथे उत्तर मिळत नाही, 'आज कोण' विचारणाऱ्याला मिळतं.

टँपाचं तुम्ही म्हणता ते खरं, पण तसे संघ मोजके. आणि नियम माझ्या बाजूने सरकलेत. ऑगस्टअखेरपर्यंत खऱ्या संघाच्या रोस्टरवर १३ पेक्षा जास्त पिचर ठेवता येत नाहीत, आणि खालच्या लीगमध्ये पाठवलेल्या पिचरला साधारण पंधरा दिवस परत आणता येत नाही. पूर्वी थकलेल्याला पाठवून रोज ताजा हात बोलवायचे, ते आता तितकं सोपं नाही. आहेत त्या आठ जणांतच भागवावं लागतं, म्हणून कोण थकलाय याला किंमत आलीय.

@सिअ‍ॅटलचा_पाऊस, होल्ड मोजायला लागलात तर वापर बघण्याची गरज वाढेल. सातव्या-आठव्यात कोण येतं हे तर कुठलीच क्लोजरची यादी सांगत नाही.

सोमवार_ते_रविवार

एक गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यातून सुटतेय. आमच्यासारख्या लीगमध्ये संघ आठवड्यातून एकदा लावायचा असतो आणि वेव्हरची बोली रविवारी रात्री. गुरुवारी कोण थकला असेल याचा आम्हाला काडीचा उपयोग नाही. तिथे फक्त भूमिका कुणाकडे सरकतेय एवढंच बघायचं. त्यासाठी रोजचे चेंडू मोजायला नकोत, शनिवारी एकदा मागच्या पंधरा दिवसांच्या आठव्या-नवव्या इनिंग चाळल्या की पुरतं. रोज संघ बदलणाऱ्या लीगचा सल्ला सरसकट सगळ्यांना देऊ नका.

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. तीन फलंदाजांचा मुद्दाही मानतो, रोमेरो-ओब्रायनसारख्या जोडीत तो लागू पडतो.

पण वापराचा एक अर्थ तुम्ही कुणीच घेतला नाही. आठवड्यात चार वेळा, दोनदा सलग, आणि त्यातही एकदा एका इनिंगपेक्षा जास्त, असा पिचर दिसला की तुम्ही म्हणता मॅनेजरचा विश्वास आहे, उचला. मी म्हणतो, विका. मेमध्ये असं राबवलेल्या हाताचा वेग जुलैपर्यंत टिकतो का ते बघा, आणि टिकत नसेल तर पंधरा दिवसांच्या इंजर्ड लिस्टवर तो कधी जातो ते बघा. तुमचा तक्ता मी ठेवेन, फक्त उलट्या कामासाठी. मे अखेरीस सगळ्यात जास्त चेंडू टाकलेल्या पाच क्लोजरची नावं इथे टाका. त्यातले मला मिळतील तेवढे मी ट्रेडमध्ये तुम्हाला द्यायला तयार आहे.

एडिसनकर (धागाकर्ता)

टाकतो. पण चेंडूंच्या शेजारी विश्रांतीचे दिवसही लिहीन. चार वेळा येऊन मध्ये दोन-दोन दिवस बसलेला आणि सलग दमवलेला, हे दोघे एका यादीत बसत नाहीत. पहिल्या प्रकारातला कुणी द्यायला निघालात तर मी लगेच घेणार.