मदत हवी आहे: वीज आयोगाकडे हरकत – नवी डीपी बसवायला पैसे, जुन्या तारा ओढायला नाहीत, असे का?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या ग्राहक संघटनेसाठी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे पाठवायच्या सूचना-हरकतींचा मसुदा लिहितो आहे. 'दरवाढ नको' एवढंच लिहिलेल्या हरकती आयोगाकडे ढिगाने जातात. मला गुंतवणुकीच्या नियमांवर बोट ठेवायचं आहे, कारण ग्रामीण विजेचं दुखणं मला तिथे दिसतं. मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे ताळेबंद कळतो, पण विनियम वाचताना काही ठिकाणी अडलो आहे.

मला समजलं ते असं. वितरण कंपनीने उपकेंद्र, वाहिनी किंवा रोहित्र (डीपी) उभारलं आणि आयोगाने तो खर्च मान्य केला, की 70 टक्के कर्ज आणि 30 टक्के भागभांडवल असं धरतात. कर्जावरचं व्याज, घसारा आणि भागभांडवलावरचा परतावा हे सगळं वीजदरातून वसूल होतं. म्हणजे 100 कोटींच्या कामात 30 कोटी भांडवल आणि परतावा उदाहरणापुरता 14 टक्के धरला, तर वर्षाला 4.2 कोटी.

देखभालीचं तसं नाही. त्या खर्चाला मागच्या वर्षांच्या आकड्यांवर महागाई लावून एक मर्यादा घालून दिलेली असते. त्यावर परतावा नाही, आणि मर्यादेच्या वर गेलं तर जादा खर्चाचा मोठा वाटा कंपनीच्याच अंगावर. मग लोंबणाऱ्या तारा ओढणं, डीपीतलं ऑइल तपासणं, वाहिनीवरच्या फांद्या छाटणं, लाइनमनची रिकामी पदं भरणं, ही कामं मागे पडणारच. शिवाय मागच्या वर्षांत देखभालीला कमी खर्च झाला, तर पुढची मर्यादाही त्याच कमी आकड्यावर बेतली जाते. मला हे फार घातक वाटतं. शेतकऱ्याचं उभं पीक जळतं ते डीपी जळाल्यावर आठवडाभर बदलून मिळत नाही म्हणून, आणि तेवढं नुकसान कंपनीच्या दरासाठीच्या कुठल्याच याचिकेत दिसत नाही.

परतावा ठरवून दिला की कंपन्या गरजेपेक्षा जास्त भांडवल ओततात, असं अव्हर्च आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी 1962 मध्येच मांडलं होतं. मुंबईतल्या खासगी कंपन्यांना ते लागू पडेल. पण सरकारी कंपनीचं गणित वेगळं असावं असं मला वाटतं. तिथे परतावा कागदावर मंजूर होतो, पण थकबाकी आणि उशिरा येणाऱ्या अनुदानामुळे हातात रोकड नसते. त्यामुळे गुंतवणूक होते ती मुख्यतः सरकारी योजना येईल तेव्हा, आणि योजनेत जे बसेल त्याच कामावर.

यातूनच दुसरी शंका. केंद्राच्या 2021 च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत (आरडीएसएस) महाराष्ट्रासारख्या राज्यांना वितरण जाळ्याच्या कामांसाठी 60 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अनुदानाच्या भागावर व्याज, परतावा, घसारा काहीच दरात धरत नाहीत. ते रास्तच आहे, ग्राहकाने फुकट आलेल्या पैशाचं भाडं का द्यावं? पण मग पंचवीस वर्षांनी हीच रोहित्रं मोडीत निघतील तेव्हा बदलायला पैसा कुठून येणार? पुन्हा दिल्लीकडे बघायचं का?

ब्रिटनमध्ये ऑफजेम या नियामकाने 2015 पासून वितरण कंपन्यांसाठी भांडवली आणि चालू खर्च एकत्र धरायची पद्धत आणली. एकूण खर्चाचा ठरावीक हिस्सा भांडवल मानला जातो, मग पैसा नव्या केबलवर जावो की दुरुस्तीवर. वीज किती वेळा आणि किती मिनिटं गेली यावरही बक्षीस-दंड आहे.

जाणकारांना विचारायचं ते हे. भारतातल्या एखाद्या राज्य आयोगाने असा एकत्रित खर्चाचा प्रयोग केला आहे का? आपल्याकडे भांडवली गुंतवणूक योजनांच्या मान्यतेसाठी 2022 चे स्वतंत्र विनियम आहेत. त्यांच्या आधारे, काम पूर्ण झाल्यावर त्या वाहिनीवर खंडित वीजपुरवठ्याचे तास खरंच घटले का, याचा हिशेब मागता येईल का? आणि सर्वांत अडलंय ते इथे: याचिकेतल्या तक्त्यांमध्ये मंजूर, प्रत्यक्ष खर्च झालेली आणि मालमत्तेत धरलेली रक्कम एकूण राज्याची दिसते. विभागवार आकडे कुठे मिळतील? माहिती अधिकारात मागितले तर देतात, की सुनावणीतच मागावे लागतात?

वीज कायदा 2003 च्या कलम 64 नुसार आयोगाला निर्णयाआधी लोकांच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात, त्यामुळे नीट आकडे मांडले तर उत्तर द्यावंच लागेल. कुणी पूर्वी अशी हरकत घेतली असेल तर आदेशात तिच्यावर काय लिहून आलं तेही सांगा. वितरण कंपनीतून निवृत्त झालेले अभियंते इथे असतील तर देखभालीची मर्यादा उपविभागापर्यंत प्रत्यक्षात कशी वाटली जाते, हे त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.