मदत हवी आहे: झडपेला संसर्ग, आणि आतड्यात गाठ
नमस्कार मंडळी. बाबा, वय ६८. तीन आठवडे संध्याकाळी बारीक ताप यायचा, आम्ही पॅरासिटामॉलवर दिवस ढकलले. ब्लड कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस (जुनं नाव बोव्हिस) हा जंतू निघाला, इकोत हृदयाच्या झडपेला संसर्ग दिसला. पोटाची काहीच तक्रार नसताना डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) सांगितली, तेव्हा मला रागच आला होता. पण या जंतूचा आतड्याच्या कॅन्सरशी संबंध १९५१ पासून नोंदलेला आहे, आणि खरंच मोठ्या आतड्यात गाठ सापडली. त्या डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही.

आता शिरेतून अँटिबायोटिक, ६ आठवडे. ऑपरेशन त्यानंतर. एवढं थांबायची फार भीती वाटते. कोणाच्या घरी असंच झालंय का? मधल्या काळात त्यांचं खाणं, अशक्तपणा कसा सांभाळलात?