मदत हवी आहे: प्राचीन इजिप्शियन पद्धतीची काचेची बाटली, आतला शेणमातीचा गाभा कसा करावा?

नमस्कार मंडळी,

मी घरी बर्नरवर काचेचे मणी बनवते. सध्या ध्यास घेतलाय तो फुंकणी नसतानाच्या काळातली छोटी बाटली करून बघायचा. काच फुंकायची कला इ.स.पू. पहिल्या शतकात पूर्व भूमध्य किनाऱ्याकडे सुरू झाली. त्याच्या सुमारे 1400 वर्षं आधी, फॅरो (राजा) तिसऱ्या थुटमोसच्या काळात, इजिप्तमध्ये काचेची पात्रं घडत होती. सळईच्या टोकाला पोकळीच्या आकाराचा गाभा थापायचा, त्यावर वितळलेली काच चढवायची, सपाट दगडावर लोळवून सारखी करायची. गार झाल्यावर सळई काढून गाभा खरवडायचा.

ब्रिटिश म्युझियममधली, अमार्ना या प्राचीन इजिप्शियन शहरात सापडलेली माशाच्या आकाराची बाटली बघा. निळ्या अंगावर पांढऱ्या-पिवळ्या काचेच्या तारा गुंडाळल्यात आणि काच मऊ असतानाच टोकदार हत्याराने ओढून त्यांचे खवले केलेत. माशाचं उघडं तोंड हेच बाटलीचं तोंड! कितीही वेळा पाहिली तरी मन भरत नाही.

नक्षी मला जमतेय. अडतंय ते गाभ्यापाशी. पूर्वी हा गाभा वाळूचा मानत, म्हणून जुन्या लिखाणात तसं सापडतं. पण पात्रांच्या आत चिकटून राहिलेले अवशेष तपासल्यावर माती आणि शेणासारखा सेंद्रिय माल असल्याचं दिसलं. मी शाडू आणि शेण मळून गाभा केला, सावलीत वाळवला. काच व्यवस्थित बसते, पण गार होताना बाटलीला उभे तडे जातात. काच सॉफ्ट ग्लास, म्हणजे कमी तापमानाला मऊ होणारी साधी काच आहे. बाटली लगेच किल्नमध्ये (भट्टीत) ठेवून 510 अंश सेल्सिअसच्या आसपास धरते आणि मग सावकाश उतरवते, म्हणजे दोष नुसत्या घाईने गार करण्याचा नसावा.

माझा तर्क असा: गार होताना काच मातीपेक्षा जास्त आकसते. आतला गाभा दबत नाही, मग ताण काचेवरच येतो. शेणातले तंतू जळून गाभा भुसभुशीत होतो, आणि तेच तर हवंय. पण शेण वाढवलं की गाभा बर्नरवरच सळईवरून निखळतो. शिवाय आत कच्चं शेण उरलं की धूर सुटून काचेत बुडबुडे येतात.

इथे कुंभारकाम, मूर्तिकाम किंवा पितळी ओतकाम करणारे कोणी आहेत का? ओतकामाच्या साच्यालाही शेणमाती वापरतात, तिथे प्रमाण काय धरता? शेण ताजं की सुकवून चाळलेलं? शाडूऐवजी दुसरी कमी चिकट माती घ्यावी का, की थोडी बारीक वाळू मिसळावी? काच चढवण्याआधी गाभा वेगळा भाजून घेतला तर तो फारच कडक होईल का?

ज्यांनी स्वतः हाताने केलंय त्यांचा अनुभव सगळ्यात मोलाचा. तडे गेलेल्या बाटलीचे आणि गाभ्याचे फोटो हवे असतील तर प्रतिसादात टाकते.