मोडी कागदात माहिती आहे की वाचणाऱ्याच्या डोक्यात?

माळ्यावरचा: पणजोबांच्या ट्रंकेत पंधरावीस मोडी कागद निघालेत. आधी सलग आडवी रेघ ओढलीय न मग अक्षरं तिला लटकवत नेलीत, दोन शब्दांमधे जागाच नाही, घरात एकालाही वाचता येत नाही. चुलतभाऊ म्हणतो वाचता येत नाही म्हणजे रद्दीच, त्यात माहिती कसली. मला अजिबात पटत नाहीये. कुणाला कळो न कळो, माहिती त्या शाईत आहेच ना?

मंजू_नाशिक: आहेच! फिरोजशाह तुघलकाने हरियाणातल्या टोपऱ्याहून अशोकाचा स्तंभ दिल्लीला आणला तेव्हा ब्राह्मी वाचणारं कुणी उरलंच नव्हतं. १८३७ मधे जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने लिपी उलगडली न त्याच खाचांमधून 'देवानंपिय पियदसि' हे अशोकाचं बिरुद निघालं. त्याने दगडावर एक टिंबसुद्धा वाढवलं नव्हतं.

तात्या: दगडावर नाही वाढवलं, पण स्वतःच्या पदरचं केवढं घातलं ते बघा की. सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरं सारखी यायची, ती 'दानं' असणार हे त्याला सुचलं ते दान देऊन नाव कोरायची रीत न भाषा माहीत होती म्हणून. ती माहिती दगडात नव्हती. सिंधू मुद्रा घ्या, चारशेच्या आसपास चिन्हं, एका मुद्रेवर साधारण पाच. २००९ मधे गणित करून दाखवलं की चिन्हांच्या क्रमाला शिस्त आहे, त्यावरही वाद झालाच, पण मजकूर काय ते आजही कळलेलं नाही. शिस्त म्हणजे माहिती नव्हे.

विनू: तात्या, क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ मधे माहिती मोजली तेव्हा अर्थ मुद्दाम बाजूला ठेवला होता. न १९६१ मधे लांडाउअर या भौतिकशास्त्रज्ञाने सांगितलं की एक बिट, म्हणजे माहितीचं सगळ्यात लहान एकक, पुसला की ठरावीक किमान उष्णता बाहेर पडतेच, त्या बिटात प्रेमपत्र होतं की कचरा याने काही फरक पडत नाही. डीएनएचं काय? तिथे कुठे कुणी अर्थ लावत बसलंय?

तात्या: बसलंय की, रायबोसोम, पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र. यूजीए ही तीन अक्षरं आपल्या पेशीत सहसा 'थांब' म्हणून वाचली जातात न त्याच पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात 'ट्रिप्टोफॅन (प्रथिनाचा एक घटक) जोड' म्हणून. अक्षरं तीच, वाचणारा बदलला. आता माहिती नुसत्या अक्षरांत होती म्हणून दाखवाच. शॅननने निरोप किती मोठा ते मोजलं, निरोप काय ते नाही, दोन्हीला माहिती म्हणतो म्हणून हा सगळा घोळ.

मंजू_नाशिक: बरं, वाचणारा लागतो, मान्य. पण अक्षरंच गेली तर वाचणारा काय वाचणार?

माळ्यावरचा: तेच सांगायला आलो. काल कागद उन्हात पसरले तर एकाचा खालचा कोपरा वाळवीने खाल्लाय, चार ओळींची शेवटची अक्षरं गेली. आता मोडीचा कितीही मोठा जाणकार आणला तरी तेवढं परत येणार नाही, मग काहीतरी गेलंच ना तिथलं? भावालाही ते भोक दाखवलं. रविवारी दोघं मिळून सगळे कागद स्कॅन करतोय.

तात्या: कराच. न मोडी शिका, मी शिकवतो.