नवीन गेमिंग लॅपटॉप: ९६ अंश, पंख्यांचा घोंघाट, हाताला मुंग्या. यात बिघाड कोणता आणि स्वभाव कोणता?

रात्रपाळी (धागाकर्ता)

लॅपटॉप दोन दिवसांपूर्वी घेतला. बदलून घ्यायची मुदत ७ दिवसांची, म्हणजे पाच उरले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्याच वादात जाईल.

प्रोसेसर आय७-१३६५०एचएक्स, ग्राफिक्स आरटीएक्स ४०६० (८ जीबी, ११५ वॉटवाला), रॅम १६ जीबी डीडीआर५, एसएसडी ५१२ जीबी, पडदा १५.६ इंच, १४४ हर्ट्झ. बॅटरी ६० वॉट-अवर, चार्जर २३० वॉट.

खोलीचं तापमान ३२ अंश, परफॉर्मन्स मोड, १०८० पी, हाय सेटिंग, अर्धा तास सलग खेळल्यावरचे आकडे:

ग्राफिक्स ७७ अंश, ११२ वॉट. प्रोसेसर ९४ ते ९६ अंश, साधारण ५० वॉट. सरासरी एफपीएस (दर सेकंदाच्या फ्रेम) १०५, पण सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा ४६, त्यामुळे मध्येमध्ये गचके. चार्जर काढला की बरोब्बर ३० एफपीएस, ना एक कमी ना एक जास्त. चार्जर लावलेला असताना मनगटाखालच्या धातूला हात लागला की बारीक मुंग्या येतात. चार्जरची पिन एसीची असते तशी जाडजूड १६ अँपिअरची आहे, टेबलाजवळच्या सॉकेटमध्ये जात नाही.

यातलं काय घेऊन दुकानात जायचं आणि काय सेटिंगने सुटेल?

---

पंखापुराण

तापमानाचं आधी, कारण नव्या मालकांची झोप तिथेच उडते.

या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तो त्या मर्यादेच्या जवळ जाईपर्यंत वेग वाढवतो आणि मग तिथेच रेंगाळतो. त्यामुळे खोली २४ अंशांची असो की ३४ ची, तुम्हाला आकडा ९५ च्या आसपासच दिसेल. बदलतात ते वॉट आणि मेगाहर्ट्झ. म्हणून नुसत्या अंशांवरून कूलिंग चांगलं की वाईट हे ठरवू नका, वॉट बघा. ग्राफिक्स ११२ वॉट ओढत असताना त्याच तांब्याच्या नळ्यांवर प्रोसेसरला ५० वॉट मिळत असतील, तर ३२ अंशांच्या खोलीत ती कामगिरी चांगलीच म्हणायची. ग्राफिक्सची मर्यादा ८७ अंश, तुम्ही ७७ वर. तिथे काही बोलायला जागाच नाही.

खरी चाचणी अशी. खेळ बंद करा, परफॉर्मन्स मोड चालू ठेवा, सिनेबेंच या सॉफ्टवेअरची मल्टिकोअर (प्रोसेसरचे सगळे गाभे एकदम राबवणारी) चाचणी १० मिनिटं फिरवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॉट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. सुरुवातीला वॉट उंच उडी मारतील, मग खाली येऊन एका जागी स्थिरावतील. इंटेलने या चिपची बेस पॉवर ५५ वॉट दिली आहे. ग्राफिक्स निवांत असताना, एकट्या प्रोसेसरला १० मिनिटांनंतर ५५ वॉटही टिकवता येत नसतील, तर हीटसिंक (चिपची उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग) नीट बसलेला नाही किंवा त्या दोघांमधलं थर्मल पेस्ट गंडलेलं आहे. ते मात्र दुकानात न्यायचं प्रकरण.

आवाज आणि उष्णता दोन्हींवर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे एफपीएसला लगाम. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर जी-सिंक आणि व्ही-सिंक (पडदा आणि ग्राफिक्सचा वेग जुळवणारी सेटिंगं) चालू ठेवून मर्यादा १३८ घाला. कथानकाच्या निवांत खेळांना ९० सुद्धा पुरतात. न लागणाऱ्या फ्रेम काढण्यात जाणारे वॉट वाचले की पंखे आपोआप खाली येतात. दुसरं, लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला. खालच्या जाळीतून हवा आत ओढली जाते, तेव्हा गादीवर किंवा चादरीवर ठेवून खेळणं म्हणजे त्याच्या नाकाला चिमटा लावणं.

यूट्यूबवर 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा' असा सल्ला सापडेल. तापमान १५-२० अंशांनी पडतं, खरं आहे. पण त्याने टर्बो (गरज पडली की मूळ वेगाच्या वर जाणं) पूर्ण बंद होतो आणि ४.९ पर्यंत जाणारे गाभे २.६ गिगाहर्ट्झवर अडकतात. ग्राफिक्सवर भार असलेल्या खेळात फारसं कळणार नाही, स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळांत लगेच कळेल. त्यापेक्षा कंपनीच्या ॲपमधल्या कस्टम मोडमध्ये प्रोसेसरची दीर्घकालीन मर्यादा ४५ वॉटवर आणा.

---

गरमागरम

कंपनीचं पेस्ट टुकारच असतं. पहिल्याच दिवशी उघडा, लिक्विड मेटल लावा, १० अंश गेले म्हणून समजा.

---

पंखापुराण

@गरमागरम, बदलून मिळायची मुदत चालू असताना हीटसिंक काढायला सांगताय? एक स्क्रू घसरला की दुकानदार हात वर करणार. शिवाय लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं. ते वीजवाहक असतं, एक थेंब शेजारच्या कपॅसिटरांवर गेला तर मदरबोर्ड गेला. ॲल्युमिनियमलाही ते खाऊन टाकतं. पाठीवर टाकून रोज गावभर फिरणाऱ्या यंत्रात घरगुती प्रयोग म्हणून हे नकोच.

पेस्ट बदलायची वेळ आली हे एचडब्ल्यूइन्फो सांगतं. सारखाच भार असताना एक गाभा इतरांपेक्षा १५ अंशांहून जास्त तापत असेल, किंवा पहिल्या महिन्यातल्या वॉटच्या तुलनेत वर्षभराने वॉट बरेच घसरले असतील, तेव्हा विचार करा. त्या वेळी पेस्टऐवजी फेज चेंज शीट (तापली की मऊ होऊन चिपला चिकटणारी पातळ पट्टी) लावा. ती पातळ पेस्टसारखी हळूहळू कडेला सरकत नाही.

---

तिसरी_पिन

मुंग्यांचं आणि पिनचं मी घेतो.

मुंग्या हा लॅपटॉपचा दोष नाही, घरच्या अर्थिंगचा आहे. चार्जरमध्ये व्यत्यय गाळण्यासाठी मेन्सची बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी किंचित करंट झिरपतो आणि तो तिसऱ्या पिनमधून जमिनीत जावा अशी रचना असते. सॉकेटला अर्थिंग नसेल किंवा वायर सुटलेली असेल, तर तो बॉडीवर येऊन बसतो आणि तुमच्या हातातून वाट शोधतो. जुन्या चाळी-वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हा प्रकार सर्रास दिसतो: सॉकेटला भोकं तीन, वायरी दोन.

खात्री करायची तर चार्जर काढून बॅटरीवर हात लावून बघा. मुंग्या गेल्या तर निदान पक्कं. मग इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज ते अर्थ साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम दोन-चार. फेज ते अर्थ आकडा तरंगत असेल, ८०-१०० असं काहीतरी दाखवत असेल, तर अर्थिंग नाही. काही जण 'सोपा मार्ग' म्हणून सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतात. त्याला दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल कुठे तुटला तर बॉडीवर थेट २३० व्होल्ट येतील.

आणि 'मुंग्याच तर येतात' म्हणून सोडून देऊ नका. अर्थिंग नसलेला लॅपटॉप आणि टीव्ही चालू अवस्थेत एचडीएमआयने जोडले की पोर्ट उडू शकतं. हेडफोनमध्ये गुंईं आवाज येतो तोही बऱ्याचदा याच कारणाने.

आता पिन. २३० वॉटचा चार्जर पूर्ण भारावर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर सव्वा अँपिअरच्या आसपास घेतो. त्याच्या अंगावर तीन-साडेतीन अँपिअर लिहिलेलं दिसेल, तो आकडा १०० व्होल्टच्या देशांसाठीचा. म्हणजे १६ अँपिअरच्या पिनची विजेच्या हिशेबाने काही गरज नाही. चार्जरच्या विटेत जाणारं टोक बघा. डेस्कटॉपच्या कॅबिनेटला लागतं तसं असेल तर ते सी१३. कॉम्प्युटरच्या दुकानात '६ अँपिअर पिनची डेस्कटॉप पॉवर केबल' मागा, आयएसआय खूण आणि तीन वायरी असलेली. मिकी माऊसच्या तोंडासारखं टोक असेल तर ते सी५, त्याची केबल वेगळी. पण १६ चं ६ करणारे ढिले ॲडॉप्टर नकोत. ढिल्या जोडात ठिणगी पडते, प्लास्टिक वितळतं आणि खापर चार्जरवर फुटतं.

इन्व्हर्टरबद्दल कोणी विचारणारच आहे, म्हणून सांगून ठेवतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एवढा मोठा चार्जर घरघरतो आणि जास्त तापतो. वीज गेली की चार्जर काढा आणि बॅटरीवर सेव्ह करून बंद करा. साइन वेव्ह असेल तर चालतं.

---

जोडपट्टी

गचक्यांचं कारण मला ९० टक्के रॅम वाटतंय. सरासरी १०५ आणि तळाचा एक टक्का ४६, ही दरी एकाच पट्टीची ओळख आहे. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे 'स्लॉट्स यूज्ड'पुढे '१ ऑफ २' असेल तर १६ जीबीची एकच पट्टी आहे. प्रोसेसरला रॅमपर्यंत दोनपदरी रस्ता आहे आणि एक पदर बंद. सरासरी फार हलत नाही, पण गर्दीच्या प्रसंगात प्रोसेसर माहितीची वाट बघत बसतो आणि तोच गचका.

दुसरी १६ जीबीची पट्टी घ्या. लॅपटॉपची सोडिम, डीडीआर५, १.१ व्होल्ट. हा प्रोसेसर अधिकृतपणे रॅम ४८०० च्या वेगालाच चालवतो, त्यामुळे ५६०० ची पट्टी घेतली तरी ती ४८०० वर येईल. किंमत सारखी असेल तर ५६०० घ्या, वेगासाठी जादा पैसे मोजू नका. डेस्कटॉपच्या महागड्या 'प्रोफाइल'वाल्या पट्ट्यांच्या नादी तर लागूच नका.

बरोब्बर ३० एफपीएस हा बॅटरीचा दोष नाही. एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू आहे, त्याची मर्यादा मुळात ३० असते. एनव्हिडिया ॲपमध्ये बंद करता येतं. पण बंद केल्यावर १०५ येतील अशी आशा धरू नका. बॅटरी २३० वॉट देऊ शकत नाही, ग्राफिक्सच्या वाट्याला तिथे बरेच कमी वॉट येतात. ६० वॉट-अवरवर ६० वॉट ओढले तरी तासाभरात खेळ खलास. बॅटरीवर नुसतं ब्राउझर चालवून तीन-चार तास मिळत असतील तर ठीक. दीड-दोनच मिळत असतील तर मक्स स्विच (पडदा कोणत्या ग्राफिक्स चिपने चालवायचा ते ठरवणारं सेटिंग) 'डिस्क्रीट'वर राहिलाय का बघा. त्यात ग्राफिक्स चिप कधी झोपतच नाही. प्रवासाला निघताना 'हायब्रिड' करा.

---

कुंपणावरचा

वाखु (वाचनखूण) साठवली. तिसरी_पिन यांचा प्रतिसाद प्रिंट काढून घरमालकाला द्यावा म्हणतो.

---

सात_दिवस

वरचं बहुतेक सगळं महिन्याभरानेही करता येईल. पुढच्या पाच दिवसांत ते बघा जे नंतर कोणी बदलून देणार नाही.

पडदा. अंधारात, ब्राइटनेस निम्म्यावर, पूर्ण काळं चित्र. कोपऱ्यातली हलकी झाक नजरेचा कोन बदलल्यावर बदलते, ती आयपीएस प्रकारच्या पडद्याची जातच आहे. न हलणारा ठळक पिवळट डाग म्हणजे लीक (मागच्या दिव्याच्या प्रकाशाची गळती). मोबाइलने फोटो काढून ठरवू नका, कॅमेरा त्याचं भूत करतो. मग लाल, हिरवं, निळं, पांढरं चित्र लावून मेलेले पिक्सेल शोधा. एखाद्या पिक्सेलवर कंपन्या सहसा पॅनेल बदलत नाहीत, म्हणूनच मुदतीत बघायचं. रंग फिके वाटत असतील तर मॉडेलच्या माहितीत ४५ टक्के एनटीएससी (पडदा किती रंग दाखवतो याचं एक माप) लिहिलंय का पाहा. असेल तर तो बिघाड नाही, खरेदीची चूक. एसआरजीबी या दुसऱ्या मापाच्या भाषेत ते जेमतेम ६० टक्क्यांच्या घरात जातं आणि कुठल्याही सेटिंगने वाढत नाही.

एसएसडी. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर ऑन अवर्स' (एकूण किती तास चालली) बघा. दोन दिवसांच्या यंत्रात दहा-वीस तास ठीक, दोनशे असतील तर तुम्हाला दुसऱ्याचं परत आलेलं यंत्र मिळालंय. ५१२ चे ४७६ दिसतात हा मोजण्याच्या पद्धतीतला फरक, भांडू नका. मात्र एकेक खेळ १५० जीबी मागतो या काळात दुसऱ्या एसएसडीसाठीच्या एम.२ खोबणीची लांबी आत्ताच पाहून ठेवा, २२८० (८० मिमी) की २२४२ (४२ मिमी).

बॅटरी. विंडोजच्या टर्मिनलमध्ये 'powercfg /batteryreport' लिहून बॅटरी रिपोर्ट काढा. 'फुल चार्ज' क्षमता 'डिझाइन'च्या ९५ टक्क्यांहून कमी असेल तर प्रश्न विचारा. यंत्र रोज टेबलावरच असणार असेल तर चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा.

मग प्रत्येक यूएसबी, एचडीएमआय, लॅन, हेडफोन जॅक एकदा वापरा. सगळ्या कळा दाबा. वायफाय राउटरपासून दोन भिंतींपलीकडे तपासा.

आणि कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर घालून वॉरंटीची तारीख बघा. ती पुष्कळदा कारखान्यातून निघाल्याच्या दिवसापासून सुरू झालेली असते. जीएसटी बिल पाठवलं की दुरुस्त होते, पण दोन वर्षांनी कोण ऐकतंय.

---

रात्रपाळी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. '१ ऑफ २' च आहे. सिनेबेंच १० मिनिटांनंतर ७८ वॉटवर स्थिर. एसएसडी ११ तास. अर्थिंगसाठी उद्या माणूस येतोय. रॅम बसवताना झाकण उघडलं तर वॉरंटी जाते का? आणि काय काळजी घ्यायची?

---

जोडपट्टी

७८ वॉट म्हणजे कूलिंग उत्तम, यंत्र ठेवून घ्या.

वॉरंटीचं प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. तळाच्या एखाद्या स्क्रूवर स्टिकर असेल तर आधी ग्राहक सेवेला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं 'हो सर' उपयोगाचं नाही. रॅम बदलायला परवानगी असली तरी उघडताना काही मोडलं तर ते तुमच्या माथी. आणि सात दिवस उलटू द्या, मगच उघडा.

उघडताना: बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून घ्या. विंडोज ११ बऱ्याचदा न विचारताच डिस्क कुलूपबंद करतं. रॅममुळे सहसा की मागत नाही, पण बायोस अपडेट केलं की मागू शकतं. रीस्टार्ट नको, पूर्ण शटडाउन, चार्जर काढा. स्क्रू ज्या क्रमाने निघाले तसेच कागदावर मांडा, कारण सगळे एका लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला तर वरचं प्लास्टिक फुगतं. झाकण जुन्या प्लास्टिक कार्डाने बिजागरीच्या बाजूने सोडवा, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. पट्टी तिरकी घाला, सोनेरी कड दिसेनाशी होईपर्यंत ढकला, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् आवाज यायला हवा.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळा राहील. पंखा फिरेल, थांबेल, कदाचित यंत्र स्वतःहून परत सुरू होईल. डीडीआर५ नव्या पट्टीची जुळवाजुळव करत असतं. चार-पाच मिनिटं तरी पॉवर बटणाला हात लावू नका.