कोल्डप्लेसाठी कराडहून नेरुळला: मुक्काम आणि परतीबद्दल सल्ला हवा

कृष्णाकाठ: नमस्कार. रविवार, 19 जानेवारी 2025 रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होणाऱ्या कोल्डप्ले या बँडच्या कार्यक्रमाची दोन तिकिटे, माझ्यासाठी आणि अकरावीतल्या मुलीसाठी, आम्हाला मिळाली आहेत. आम्ही कराडला राहतो. तिकिटांनीच कंबरडे मोडल्यामुळे प्रवास, राहणे आणि खाणे हे सारे 7,000 रुपयांत बसवायचे आहे. रात्री कार्यक्रम सुटल्यावर दोघींनी कुठे जावे, हा खरा प्रश्न आहे. नणंद डोंबिवलीला असते, पण ते फार आडवळणाचे होईल का?

पामबीच: ताई, चालत जाता येईल असेच हॉटेल घ्या. मी तिकीट मिळेल की नाही याची खात्री नसतानाच वाशीत दोन रात्रींसाठी खोली ठरवून टाकली होती आणि आज तीच खोली दुपटीहून अधिक भावाने मिळते आहे. 7,000 रुपयांत काहीही होणार नाही. थोडा हात सैल करा. असे कार्यक्रम रोज होत नाहीत.

घाटमाथा: स्वतःची गाडी असेल तर दुसरा विचारच करू नये. यूटू हा बँड 2019 साली याच स्टेडियममध्ये आला होता, तेव्हा मी पुण्याहून गाडीने गेलो आणि त्याच रात्री घरी येऊन झोपलो.

सेक्टर सात: त्या दिवशी गाडी नेमकी कुठे लावली होती, हेही सांगावे. मी स्टेडियमच्या मागच्या बाजूला राहतो. मोठा सामना असला तरी आमच्या गल्लीतून दुचाकीसुद्धा निघत नाही, आणि सायन-पनवेल महामार्गाची सेवा वाहिनी संध्याकाळीच तुंबते. ताई, गाडी आणू नका. नेरुळ आणि जुईनगर ही दोन्ही स्थानके पायी अंतरावर आहेत. रविवार असल्याने हार्बर मार्गावर दिवसा मेगाब्लॉक आहे की नाही, हे आदल्या दिवशी नक्की पाहा. परतीचे लोकलचे तिकीट दुपारी उतरतानाच काढून ठेवा, कारण रात्री खिडकीपुढची रांग पुलापर्यंत येते.

घाटमाथा: गाडी नेरुळमध्ये नव्हे, खारघरला मित्राच्या सोसायटीत लावली होती. तो माझा व्यक्तिगत प्रश्न आहे.

रातराणी: कराडच्या माणसाला मुक्कामाची गरजच काय? ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री 10 वाजता बंद करावे लागतात आणि सवलतीचे दिवस मोजकेच असतात, त्यामुळे कार्यक्रम दहाच्या सुमारास संपेल असे धरून चाला. महालक्ष्मी एक्स्प्रेस तोपर्यंत मुंबईहून सुटून गेलेली असते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका. बोरिवलीहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या खासगी स्लीपर बस मात्र याच महामार्गाने जातात. चढण्याचे ठिकाण नेरुळ देऊ नका, कारण गर्दीत बस थांबणार नाही आणि चालक फोनवर तुम्हालाच पुढे यायला सांगेल. लोकलने पनवेलच्या दिशेने पुढे जाऊन कळंबोलीला मॅकडोनाल्ड्सपाशी चढा. पहाटे कराडला कोल्हापूर नाक्यावर उतराल आणि हॉटेलचा खर्च शून्य.

पामबीच: मध्यरात्री दोघी बायकांनी महामार्गावर बसची वाट पाहायची, हा सल्ला मला पटत नाही. हॉटेल घ्या.

रातराणी: कळंबोलीला त्या वेळी निम्मा पश्चिम महाराष्ट्र पिशव्या घेऊन उभा असतो. तेथे एकटे वाटण्याचा प्रश्नच येत नाही.

तक्रारवही: खाण्यापिण्याचे कोणीच बोलले नाही. दुसऱ्या एका शहरात अशाच कार्यक्रमाला आमच्या पाण्याच्या बाटल्या दारातच काढून घेतल्या आणि आत पाण्यासाठी पाऊण तास रांगेत उभे केले. माझी गाणी तिथेच ऐकून झाली. तिकिटासोबतच्या सूचना नीट वाचा, मोठी पिशवी नेऊ नका आणि दुपारी पोटभर जेवूनच आत जा. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते मुलीशी आधीच ठरवा. एवढे करूनही घरी टीव्हीवर जास्त चांगले दिसते, हे माझे मत कायम आहे.

ठाणेकरीण: डोंबिवली अजिबात आडवळणाची नाही. ट्रान्सहार्बरने ठाणे, तिथून मध्य रेल्वेची गाडी. जुईनगरला चढा, तिकडे गर्दी कमी असते.

सेक्टर सात: असहमत. ठाण्याच्या काही गाड्या नेरुळहूनच सुटतात, त्यामुळे बसायला जागा नेरुळलाच मिळते. शिवाय गर्दी कमी असते म्हणून सगळेच जुईनगरला गेले, तर ती कमी कशी राहील? मूळ प्रश्नाबद्दल मात्र रातराणी यांच्याशी सहमत. एवढ्या रात्री ठाण्याला गाडी बदलून डोंबिवली गाठण्यापेक्षा बस बरी.

घाटमाथा: ठाण्याला गाडी बदलणे नको. स्वतःची गाडी असती तर हा प्रश्नच आला नसता.

कृष्णाकाठ: सर्वांचे मनापासून आभार. बसचा सल्ला मला पटला होता, पण नवी मुंबईपर्यंत येऊन घरी न येता परस्पर निघून गेलो, तर नणंद पुढच्या दिवाळीपर्यंत बोलणार नाही, हे इथे कोणाला समजावून सांगू? शनिवारी कोयना एक्स्प्रेसने कल्याणला उतरून तिच्याकडे जाऊ. रविवारी जेवून नेरुळ गाठू. रात्री आमच्याबरोबर ठाण्यापर्यंत यायला तिचा मुलगा नेरुळ स्थानकावर थांबणार आहे. त्याला तिकीट मिळाले नाही म्हणून तो सध्या आमच्यावर जरा नाराज आहे. सोमवारी सकाळी कल्याणहून पुन्हा कोयना. राहण्याचा खर्च नाही, तेव्हा उरलेल्या पैशांत तिच्यासाठी साडी घेणार आहे.

रातराणी: निर्णय तुमचा. तरीही शेवटच्या ठाणे गाडीची वेळ कागदावर लिहून जवळ ठेवा आणि शेवटचे गाणे सुरू झाले की दाराकडे सरका.

कृष्णाकाठ: मुलगी म्हणते, शेवटचे गाणे संपल्याशिवाय ती जागची हलणार नाही.

दख्खन: धागा वरवर वाचला. ताई, कळंबोलीहून रात्रीची बस मिळते, हे कोणी सुचवले का?