गाडीत बसवलं, तिथूनच घड्याळ सुरू

वर एकाने विचारलंय: पणजीत शांतपणे धरणं धरलेल्यांना पोलिसांनी गाडीत घालून नेलं आणि "अटक नाही, नुसतं ताब्यात घेतलंय" म्हणाले, तर हक्क कुठले मागायचे?

सगळेच. माणसाचं स्वातंत्र्य रोखलं त्या क्षणी अटक सुरू होते, कागदावर वेळ काहीही असो, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटलंय. दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचे २४ तास तिथूनच मोजायचे.

म्हणून अटकेचा मेमो, म्हणजे पोलिसांनी केलेली अटकेची लेखी नोंद, नीट वाचा. त्यावर तारीख, वेळ, घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि पकडलेल्याची स्वतःची सही लागते; सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातल्या निकालापासून (१९९६) हे बंधनकारक आहे. सकाळी अकराला उचललं आणि मेमोत संध्याकाळचे सहा असतील, तर सहीशेजारी खरी वेळ लिहा. दमलेला माणूस घरी जायच्या घाईत न वाचता सही करतो आणि तिथेच फसतो.

पैसे नाहीत म्हणून वकिलाविना राहू नका. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

"कशाला गेला होता तिथे?" असा धरणं धरणाऱ्यांनाच दोष देणारा वरचा सूर मात्र मला अजिबात पटला नाही. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांना पोर्तुगीज राजवटीने पकडलं ते नागरी स्वातंत्र्याच्या सभेतच, आणि तो दिवस आपण गोव्यात क्रांतिदिन म्हणून पाळतो.

मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीत प्रत्येक वळ नोंदवून घ्या. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार वर्षाच्या आत करावी लागते.